होडीमागच्या जुन्या मोटरी

होडीच्या मागच्या फळीला दोन शिकंज्यांनी घट्ट आवळायचे आणि काम संपले की सोडवून खांद्यावर टाकून घरी न्यायचे, अशा छोट्या इंजिनाला आउटबोर्ड मोटर म्हणतात. यातला 'मोटर' हा शब्द थोडा फसवा आहे. विजेशी तिचा संबंध बहुधा ठिणगीपुरताच असतो. एरवी ते पेट्रोलवर चालणारे आणि जुन्या काळी तर हटकून टू-स्ट्रोक, म्हणजे आपल्याकडच्या लूनाच्या जातकुळीतले इंजिन असते. वर इंजिन, मधे एक उभा दांडा, खाली पाण्यात दातेरी चाकांची पेटी आणि तिच्या टोकाला पंखा. सुकाणू वेगळे लागत नाही, कारण सबंध मोटरच डावीउजवीकडे वळवता येते. केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतरच्या दशकात पारंपरिक होड्यांना अशा मोटरी मोठ्या संख्येने लागल्या आणि त्या रॉकेलवर चालवल्या जाऊ लागल्या. आपल्यापैकी पुष्कळांनी ही मोटर पाहिली असेल ती अशा होडीवर, किंवा पुराच्या वेळी बचावपथकाच्या रबरी बोटीवर.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या मोटरींच्या जुन्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्याच नव्हे तर शंभरी ओलांडलेल्या नमुन्यांना पुन्हा जिवंत करण्याचा छंद असलेले लोक आहेत. कुणाच्या तरी तळघरातून वा गोठ्यातून एक गंजलेला सांगाडा आणायचा, तो खोलायचा, साफ करायचा, मोडलेला भाग मिळाला तर मिळवायचा आणि नाहीच मिळाला तर स्वतः ओतून किंवा लेथवर कातून घ्यायचा, आणि शेवटी ती मोटर पाण्याने भरलेल्या पिंपावर टांगून सुरू करायची. अमेरिकेत १९६५ साली या लोकांनी 'अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब' स्थापन केला. त्यांचे 'द अँटिक आउटबोर्डर' हे नियतकालिकही आहे. जुनी पोस्टाची तिकिटे जमवण्यासारखाच हा एक छंद, असे वाटणे साहजिक आहे. पण माझा व्यवसाय धातूंच्या पृष्ठभागांचा, मुख्यतः गंजण्याचा, अभ्यास करण्याचा आहे, आणि त्या बाजूने पाहता मला ही मंडळी तंत्रज्ञानाच्या इतिहासाची वाचक वाटतात. आपण जो इतिहास कागदावर वाचतो तो ते धातूत वाचतात. हे दोन्ही इतिहास दर वेळी जुळतातच असे नाही.

कागदावरचा इतिहास एका गोड गोष्टीने सुरू होतो. ओले इव्हिनरूड हा १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला मुलगा. पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आला, यंत्रशाळांतून काम शिकला आणि मिलवॉकी शहरात ओतकामाचे लाकडी साचे बनवू लागला. एका उन्हाळ्यात ओकॉची नावाच्या तलावावर तो सहलीला गेला होता. सोबत बेस कॅरी ही तरुणी होती, तिला आइस्क्रीम हवेसे वाटले. ओलेने होडी वल्हवत पैलतीर गाठला, आइस्क्रीम घेतले आणि परत वल्हवत आला, तोवर ते वितळून गेले होते. तेव्हाच त्याच्या मनात आले, की होडीला इंजिन हवे. पुढे बेसशी त्याचे लग्न झाले आणि १९०९ साली इव्हिनरूड मोटर बाजारात आली.

गोष्ट खोटी असेल असे मी म्हणत नाही. पण तिचे साल एका ठिकाणी एक तर दुसऱ्या ठिकाणी दुसरे दिलेले आढळते, आणि तलावातले अंतरही सांगणाऱ्यागणिक बदलते. वर्गात न्यूटनचे सफरचंद सांगताना जी सावधगिरी आपण घेतो, किंवा घ्यायला हवी, ती इथेही घ्यावी. कारण होडीमागे सुटे इंजिन लावण्याची कल्पना ओलेच्या आधी निदान तिघांना सुचून गेली होती. १८८१ साली गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमध्ये सेन नदीवर विजेच्या मोटरीची होडी चालवली. त्याने मोटर, पंखा आणि सुकाणू यांचा एकच काढता-घालता येणारा जोड केला होता. १८९६ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन मोटर कंपनीने पेट्रोलवर चालणारी सुटी मोटर थोड्या संख्येने बनवली. पुढे कॅमरन वॉटरमन या कायद्याच्या विद्यार्थ्याला आपल्या मोटारसायकलचे इंजिन पाहून तीच कल्पना सुचली. १९०५ साली त्याने डेट्रॉइट नदीवर चाचणी घेतली आणि १९०७ साली पेटंट मिळवले. 'आउटबोर्ड मोटर' हे नावही त्याचेच समजतात. त्याच्या 'पोर्टो' मोटरी इव्हिनरूडच्या आधीपासून विकल्या जात होत्या.

मग इव्हिनरूडचे वेगळेपण कशात? याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही, ती मोटर हातात घेतल्यावर सापडते. ओलेने सिलिंडर आडवा ठेवला, त्यामुळे क्रँकशाफ्ट आपोआपच उभा आला. तोच दांडा सरळ खाली पाण्यात जातो आणि तिथे तिरप्या दातांच्या चाकांच्या जोडीने पंख्याला काटकोनात फिरवतो. मधे साखळी नाही, पट्टा नाही, काही नाही. वर जड फिरते चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि त्यावर लाकडी मूठ. ती मूठ धरून चाकाला हिसका द्यायचा की इंजिन सुरू होते. त्याच वेळी ते उलटे फिरले तर मुठीचा फटका बोटांवर बसतो. ज्यांनी अशी मोटर सुरू केली आहे ते लोक त्या मुठीला बोटे फोडणारी म्हणतात. १९११ साली ओलेला या रचनेचे पेटंट मिळाले. त्यानंतर जगभर कोट्यवधी मोटरी झाल्या, पण आडवा सिलिंडर, उभा दांडा, तळाशी तिरपे दाते ही मांडणी आजही तशीच आहे. कल्पना कुणाची हा वाद बाजूला ठेवला, तर टिकली ती मांडणी ओलेची, एवढे निश्चित म्हणता येते.

आणि विकली ती बेसने. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती तिच्याकडे होत्या. 'वल्ही फेकून द्या' या अर्थाची जी जाहिरात गाजली ती तिने लिहिलेली होती. त्या मोटरीची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर होती. ६२ पौंड म्हणजे २८ किलो. आपल्याकडच्या तांदळाच्या पोत्याच्या मानाने हे थोडे वाटेल, पण तलावाच्या काठी हलत्या होडीत वाकून ते मागच्या फळीवर चढवायचे म्हटले की त्याचे गांभीर्य कळते.

पुढचा सगळा इतिहास या वजनाभोवती फिरतो. १९१४ च्या सुमारास, बेसची प्रकृती बिघडल्यामुळे, ओलेने आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि पाच वर्षे या धंद्यात न पडण्याचे कबूल केले. मुदत संपल्यावर तो एक नवी मोटर घेऊन जुन्या भागीदाराकडे गेला. तिच्यात लोखंड आणि काशाच्या जागी शक्य तिथे ॲल्युमिनियम वापरले होते आणि एकाऐवजी समोरासमोर दोन सिलिंडर होते. भागीदाराने नकार दिला. तेव्हा या दांपत्याने १९२१ साली 'एल्टो' नावाने स्वतःच ती बाजारात आणली. वजन ४८ पौंड, शक्ती ३ अश्वशक्ती. विद्यार्थ्यांकडून हा भागाकार करून घेण्यासारखा आहे. १९०९ च्या मोटरीत एका अश्वशक्तीमागे सुमारे १९ किलो धातू होता, १९२१ च्या मोटरीत तो जेमतेम साडेसात किलो उरला.

या समोरासमोरच्या सिलिंडरांत एक गंमत आहे. दोन्हींमध्ये ठिणगी एकाच क्षणी पडते. पहिल्यांदा ऐकताना हे चमत्कारिक वाटते, कारण आळीपाळीने पडली तर इंजिन जास्त सुरळीत चालेल असा आपला अंदाज असतो. पण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी दट्ट्याखालच्या क्रँकच्या पेटीत येते आणि दट्ट्या खाली येताना तिथे दाबले जाऊन सिलिंडरात ढकलले जाते. दोन्ही सिलिंडरांना ही पेटी सामाईक आहे. एक दट्ट्या आत आणि दुसरा बाहेर जाऊ लागला तर पेटीचे आकारमान बदलणारच नाही, मग मिश्रण दाबले कसे जाणार? म्हणून दोन्ही एकदम बाहेर आणि एकदम आत यावे लागतात, आणि ठिणगीही एकदमच पाडावी लागते. याचा मोठा फायदा असा, की सारख्या वजनाचे दोन दट्टे विरुद्ध दिशांना सारख्याच वेगाने जात असल्यामुळे एकाचा धक्का दुसरा खातो. एका सिलिंडरची जुनी मोटर होडी खिळखिळी करी, एल्टो तशी करत नसे. हे मी पुस्तकात वाचले होते, पण चित्र पाहून ते डोक्यात उतरत नाही. दोन्ही सिलिंडर काढून चाक हाताने फिरवले की एका मिनिटात उतरते.

याच सुमारास, १९२२ साली, जॉन्सन बंधूंची अवघ्या ३५ पौंडांची, २ अश्वशक्तीची मोटर आली. या भावांनी आधी विमान बनवून पाहिले होते. १९१३ च्या चक्रीवादळात टेरे हॉट गावातला त्यांचा कारखाना उद्ध्वस्त झाला. मग त्यांनी सायकलला लावायचे एक छोटे इंजिन काढले होते, आणि होडीची मोटर ही त्याच इंजिनाची वंशज.

आता या सगळ्या मोटरींपैकी आज आपल्यापुढे येतात कोणत्या? जुन्या मोटरी सर्वाधिक सापडतात त्या अमेरिकेच्या उत्तर भागात, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन या तलावांच्या राज्यांत. म्हणून त्या मुख्यतः तिथेच वापरल्या गेल्या असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण इव्हिनरूडच्या मोटरी स्कँडिनेव्हियातल्या समुद्रावरच्या कोळ्यांनीही भरपूर घेतल्या होत्या. फरक वापरात नाही, पाण्यात आहे. ॲल्युमिनियमची पेटी, काशाचा पंखा आणि पोलादी दांडा हे तिन्ही धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती खारे पाणी, म्हणजे तो एक विद्युतघटच झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि कासे शाबूत राहते. हम्फ्री डेव्हीने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवण्याचा उपाय सुचवला होता (तांबे इतके छान वाचले की त्यावर शंख-शिंपले वाढून जहाजेच मंदावली!). जस्ताचा तुकडा आजच्या मोटरींनाही लावतात. जुन्यांना ते भाग्य नव्हते, त्यामुळे समुद्रातल्या मोटरी विरघळून गेल्या आणि गोड्या पाण्यातल्या उरल्या. अर्थात तलावांकडेही एक शत्रू होता. हिवाळ्यापूर्वी सिलिंडरभोवतीचे पाणी काढायचे राहिले तर ते गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि ओतीव भिंत तडकते. अशा तडकलेल्या मोटरी सगळ्याच भंगारात गेल्या असतील असे नाही, त्या आजही छंदिष्टांच्या वाट्याला येतात, आणि तडा पाहून सराईत माणूस ओळखतो की इथे एका शरद ऋतूत कुणाचा तरी विसराळूपणा नडला.

मोटर हाती आली की पहिला नियम असा, की जोर करायचा नाही. दट्ट्या सिलिंडरात चिकटलेला असतो. पातळ तेल सोडून आठवडा, कधी महिनाभर वाट पाहायची. मग ठिणगी. मुठीच्या चाकाच्या आत चुंबक बसवलेला असतो. चाक फिरले की तो वेटोळ्याजवळून जातो आणि वीज निर्माण होते. जुन्या सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व तेच, म्हणजे फॅरेडेचे. त्या काळचे पोलादी चुंबक वर्षानुवर्षांत क्षीण होतात, त्यांना पुन्हा भारावे लागते. वेटोळ्याच्या तारेवरचा विद्युतरोधक थर तडकून ओल शिरते. कागदी कंडेन्सर तर जवळपास नेहमीच निकामी झालेला असतो. संपर्कबिंदूंमधली फट मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवली की काम होते.

मला सर्वांत आवडलेला भाग कार्बुरेटरमधला आहे. त्यातले पेट्रोल ठरावीक पातळीवर राहावे म्हणून बुचाच्या लाकडाचा एक तरंगणारा तुकडा असतो. पेट्रोल त्यात शिरू नये म्हणून त्यावर लाखेचा लेप देत. लाख म्हणजे आपल्या छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. म्हणजे मिलवॉकीच्या मोटरीत आदिवासींनी गोळा केलेली लाख असण्याची शक्यता बरीच मोठी. पेट्रोलमध्ये ही लाख विरघळत नाही, त्यामुळे तिने चाळीस-पन्नास वर्षे चोख काम केले. पण सुताराकडचे फ्रेंच पॉलिश आठवा. त्यात चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, आणि स्पिरिट म्हणजे इथेनॉल. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये आता साधारण १० टक्के इथेनॉल असते, आपल्याकडे तर २० टक्क्यांपर्यंत. अशा पेट्रोलवर जुनी मोटर चालवली की लेप सुटतो, बूच पेट्रोल पिते, जड होऊन बुडते आणि इंजिन गुदमरते. मोटर तीच, इंधनाचे नावही तेच, पण मधल्या काळात इंधन बदलले होते. कागदावर ही गोष्ट शोधायला गेलो असतो तर कुठे सापडली असती कोण जाणे. प्रयोगशाळेत चपडा लाख आणि स्पिरिट असेल तर हा प्रयोग अवश्य करून पाहावा, ज्योतीपासून दूर.

तेलाचेही तसेच. लूनात पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालणे ज्यांना आठवते त्यांना हे कळेल. आधुनिक टू-स्ट्रोक मोटरीला पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल पुरते. १९२० च्या दशकातल्या मोटरीला सोळास एक तरी लागते, कारण तिच्यात आजच्यासारखे सुईदार बेअरिंग नसून काशाच्या साध्या पुंगळ्या आहेत. इंग्लंडच्या पूल गावात बनणारी 'ब्रिटिश सीगल' तर दहास एक मागे. ही मोटर १९९६ पर्यंत तयार होत होती आणि तिचे चाक शेवटपर्यंत बहुधा सुटी दोरी गुंडाळून ओढावे लागे. साधी, जाडजूड आणि मोजक्या भागांची असल्यामुळे ती समुद्रावरही टिकली.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मोटर चालू करायची तर काही ना काही बदलावेच लागते. नवा कंडेन्सर घालणे कुणालाच खटकत नाही. पण रंग? मूळ रंग खरवडून आरशासारखे चकचकीत केलेले ॲल्युमिनियम दिसते सुंदर, मात्र ते कारखान्यातून असे कधीच बाहेर पडले नव्हते. साच्यातल्या वाळूच्या खुणा, कानशीचे ओरखडे, पहिल्या मालकाने तारेने केलेली दुरुस्ती, हे सगळे त्या पॉलिशने पुसले जाते. ताम्रपट वाचता यावा म्हणून तो घासून स्वच्छ करण्यासारखे ते आहे. उलट वस्तुसंग्रहालयातली न खोललेली मोटर सुरक्षित खरी, पण दोन दट्टे एकदम का हलतात हे ती कुणाला सांगू शकत नाही. माझे मत असे, की ज्या नमुन्याची आणखी भावंडे आहेत तो खुशाल खोलावा आणि चालवावा. जो एकुलता एक उरला आहे त्याला हात लावू नये, आणि खोलला तरी काढलेला प्रत्येक भाग, निकामी असला तरी, चिठ्ठी लावून जपावा.

दुरुस्ती हे काही फक्त म्हातारपणीचे काम नव्हे, याची साक्षही याच इतिहासात आहे. कार्ल कीकहेफर या अभियंत्याने १९३९ साली सीडरबर्ग गावातला एक बुडीत कारखाना घेतला, तो चुंबकीय विलगक बनवण्यासाठी. तिथे मोंटगोमेरी वॉर्ड या दुकानदार कंपनीने सदोष म्हणून परत केलेल्या शेकडो मोटरी पडून होत्या. पैसा हवा म्हणून त्याने त्या खोलल्या, दोष काढले आणि त्याच कंपनीला विकल्या. कंपनीने आणखी मागितल्या. त्या दुरुस्तीतून उभी राहिलेली 'मर्क्युरी' ही मोटर आज जगातल्या प्रमुख मोटरींमध्ये गणली जाते.

या यंत्रांचे कौतुक करताना त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीत पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पेट्रोल न जळताच बाहेर पडते, आणि बाहेर म्हणजे पाण्यात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९६ साली यावर नियम केले. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या टाहो तलावात कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना १९९९ पासून बंदी आहे. वर्षातून काही वेळा भरणाऱ्या मेळाव्यांत थोडा वेळ चालणाऱ्या मोटरींनी फार नुकसान होत नसेल, पण रोजच्या वापराला त्या परत आणाव्यात असे कुणी म्हणू नये.

ओले इव्हिनरूड १९३४ साली वारला, बेस त्याच्या आदल्या वर्षी. त्यांची आणि जॉन्सनची कंपनी पुढे एकत्र आली आणि २००० साली दिवाळ्यात निघाली. नव्या मालकाने इव्हिनरूड हे नाव चालू ठेवले. २००३ साली त्या नावाने संगणकनियंत्रित टू-स्ट्रोक मोटर आली. ती जुन्यांच्या मानाने कितीतरी कमी धूर सोडणारी होती. मे २०२० मध्ये तिचेही उत्पादन थांबले. सुटे भाग पुरवत राहू असे कंपनीने जाहीर केले. १९०९ च्या मोटरीचा मोडलेला भाग साचा करून ओतता येतो, कारण तो भाग पाहिला की तो काय करतो ते कळते. २००३ नंतरच्या मोटरीत ठिणगीची आणि पेट्रोलची वेळ ठरवणारी जी बंद पेटी आहे, ती उघडून पाहिली तरी आतला प्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरची पट्टी तिथे कुठे घालायची हेही कळत नाही. पुढे कधी तरी साठ्यातल्या पेट्या संपतील, तेव्हा ही मोटर सुरू करू पाहणाऱ्याला लेथबरोबर त्या प्रोग्रॅमचीही प्रत कुठून तरी मिळवावी लागेल.